पोट्टे सोडून राहिली

पिंपळझिरा,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

वर्षाली,

पोट्टे सोडून राहिली म्हंजे काय, हे तुले माहीत नाही? तुले? पुण्याच्या एखाद्या पोरीले नाही समजलं तं मी म्हणीन जाऊ दे, तिच्या कानावर कधी पडलंच नाही. पण तू पिंपळझिऱ्यात लहानाची मोठी झाली. याच बोलीत रडली, याच बोलीत भांडली. दहावीच्या वर्षी अभ्यास कर म्हणलं तं याच बोलीत मले सुनावलं, "करून राहिली ना व मावशी, डोकं नको खाऊ." तवा तू अभ्यास करून राहिली होती म्हंजे काय, अभ्यास करून टाकला अन् मंग नुसती राहिली, असा अर्थ होता का? नाही ना? मंग माह्याच बोलण्याचा तसा अर्थ कसा काय निघाला?

वर आशीर्वाद लिहायचा असते, मले माहीत हाय. शेवटी लिहीन, उरला तं. मी बरी हाय. गुडघा दुखते, पण तो तू होती तवाही दुखत होता. कापूस फुटला. साऱ्या बाया वेचणीले वावरात जाते, दिवसा गावात म्हातारे, कुत्रे अन् आमी अंगणवाडीवाल्या. तू बरी असशीन.

तू म्हणशीन, मावशी, फोन करायचा. फोन केला की तू म्हणते, "मावशी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." ते नंतर काही येत नाही. अन् दुसरं असं की बोललेलं तुमी लोकं भलतंच उतरवून घेता, म्हणून या वेळेस मीच लिहून देऊन राहिली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, चुका काढत बसू नको. पूर्ण वाच.

मागच्या आठवड्यात आमची मीटिंग झाली. या वेळेस सेविकाइच्या संगं मदतनीसाइलेही बोलावलं होतं. नाही तं आमाले कोण बोलवते? सेविका ट्रेनिंगले जाते अन् मदतनीस मागं केंद्र झाडते. म्हणून मी चांगलं लुगडं नेसून गेली. आमची सेविका दामिनी पुढं बसली, मी मागं रुख्मिणीजवळ बसली. तीच रुख्मिणी, बाजूच्या गावची मदतनीस, जिच्या घरी तू बोरं खायले जात होती.

माधवी मॅडम म्हंजे आमच्या सुपरवायझर. त्याइनं एक चकचकीत पुस्तक वर धरलं अन् म्हणाल्या, "अंगणवाडीत काम करणाऱ्या बायांवर पुण्याच्या एका संस्थेनं हा अभ्यास केलाय. याच्यावरून वरचे लोक पुढचं धोरण ठरवणार आहेत. आणि लिहिणारी मुलगी आपल्याच वऱ्हाडची आहे बरं का." अन् मंग तुहं नाव घेतलं, आडनावासकट.

रुख्मिणीनं मले कोपर मारलं. "अव, ही तं तुही वर्षाली!"

"चूप बस अन् आयक," मी म्हणलं. पण माही मान केवढी वर झाली होती ते तिलेच विचार.

पहिले मॅडमनं चांगलं चांगलं वाचलं. मदतनीस नुसती खिचडी शिजवत नाही अन् झाडू मारत नाही, ती लेकराइले शिकवते, असं लिहिलं तू. हात धुणं, रांगेनं चालणं, आपलं नाव पुढं येऊन सांगणं, हे लेकरू तिच्याजवळ शिकते, पण ते शिकवणं कोणी शिकवण्यात धरत नाही. तिले ट्रेनिंग द्या, तिले सेविका होण्याची वाट ठेवा, निस्त्या बारावीच्या कागदावर अडवू नका. हे आयकून मले लय बरं वाटलं. खरं सांगते. मी म्हणलं, पोरगी विसरली नाही.

मंग दोरी आली. "एका गावात नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुलांना आणण्यासाठी मदतनीस जुन्या लुगड्याची दोरी वापरते. दोरीला गाठी असतात आणि प्रत्येक मुलाची गाठ ठरलेली असते." आता हे मी काही कोणाले फोनवर सांगतलं नव्हतं. हे तुह्या डोक्यातून आलं. शेवटची गाठ तुही होती, अन् दुसऱ्या कोणी धरली तं तू चावत होती. साऱ्या बाया मागं वळून माह्याकडं पाहून टाळ्या वाजवाले लागल्या. आमच्या भागात दोरीवाली मी एकटीच हाय.

अन् मॅडमनं पान उलटलं.

"मात्र केंद्राच्या वेळेत मदतनीस उपस्थित असतेच असे नाही. याच मदतनीसाने दूरध्वनीवर सांगितले, की ती दुपारी मुलांना सोडून घरी राहते आणि हे रोजचेच आहे."

मॅडमनंही हे पहिल्यांदाच वाचलं असन, कारण वाचता वाचता त्याइचा आवाज खाली गेला. टाळ्या वाजवणाऱ्या बाया पदर सारखा करत पुढं पाहाले लागल्या. नाव लपवलं तुमी, मोठा कायदा पाळला. पण दोरी लिहिली ना! दोरीवरून मले साऱ्याइनं ओळखलं. दोरी तुले आठवली, बोली नाही आठवली.

मॅडमनं विचारलं, "कौशल्याबाई, हे तुम्ही म्हणालात?"

मी म्हणलं, "हो, म्हणलं."

आता तो फोन कसा झाला ते आयक. उन्हाळ्यातली गोष्ट. तुह्या संस्थेतली पोरगी, आवाज गोड, नाव सांगतलं पण ध्यानात नाही राहिलं. तिनं फोन कवा करावा? दुपारी, पोट्टे घेऊन मी नाल्यात उतरली तवा. एका हातात दोरी, काखेत लहानी पोट्टी, फोन खांदा अन् कानाच्या मधात धरलेला.

"मावशी, बोलू शकता का?"

"बोल."

"आत्ता तुम्ही काय करताय?"

"पोट्टे सोडून राहिली."

"म्हणजे... मुलांना सोडून?"

"हो. रोजच सोडते."

"रोज?"

"मंग! नाही सोडलं तं त्याइच्या माया मले खातीन."

मंग म्हणे, "मग केंद्रावर कोण असतं?"

"दामिनी असते ना."

"आणि तुम्ही कुठे असता?"

"घरी. एकेकाच्या..." इथं फोन कटला. नाल्यात रेंज नसते, तुले माहीत हाय. मी वर चढली, तिचा फोन काही परत आला नाही. मी म्हणलं, झालं असन तिचं काम. मले काय माहीत, की "एकेकाच्या घरी" मधलं निस्तं "घरी" पुण्याले पोचलं अन् बाकीचं नाल्यातच राहिलं!

त्या पोरीवर माहा राग नाही. तिले वाटलं, मावशी पोट्टे टाकून घरी झोपते अन् वर तोंड करून सांगते. पण ते लिहिलेलं पुढं तुह्याकडं आलं ना? तू वाचलं ना? मावशी कोण हे तुले माहीत होतं, नाही तं दोरी लिहिलीच नसती. तू फोन उचलून विचारलं काहून नाही, की मावशी, तू नेमकं काय म्हणली? अन् खरं म्हणजे, तू स्वतः काहून नाही आली? मुंबईपुण्याचे लोकं गाड्या करून आमच्याकडं अभ्यासाले येते, अन् तुले मावशीच्या गावचा अभ्यास दुसऱ्या पोरीकडून फोनवर करून घ्यावा लागते?

इथं थांबते. पोट्टे यायची वेळ झाली.

बुधवार

काल लिहिता लिहिता उठली ते राहून गेलं. आता पुढचं.

मीटिंगहून येताना ऑटोत रुख्मिणी माह्याशी भांडली.

"निस्तं हो म्हणून बसली! नाल्यातली गोष्ट सांगाची ना. तू काय शब्द बोलली ते सांगतलं असतं तं मॅडम हासल्या असत्या अन् तिथल्या तिथं मिटलं असतं. त्या तं अकोल्याच्याच हाय, त्याइले नसतं समजलं का?"

"समजलं असतं."

"मंग?"

"मंग काय? साऱ्याइच्या देखत म्हणू का, ज्या पोरीचं तुमी कौतुक करून राहिल्या तिलेच आपली बोली समजत नाही? पहिलं पुस्तक हाय तिचं."

"अन् तुही नौकरी?"

"पाहीन मी."

"येडी हायस तू," रुख्मिणी म्हणाली, अन् तोंड फिरवून बाहेर पाहाले लागली. ऑटोवाला म्हणे, "काय मावशी, भांडण झालं का?" मी म्हणलं, तू पुढं पाहून चालव.

दोन दिवसानं ऑफिसातून कागद आला. कामाच्या वेळेत गैरहजर राहता असं दिसते, शुक्रवार, २१ तारखेपर्यंत लेखी खुलासा द्या, नाही तं कामावरून कमी का करू नये. दामिनीनं वाचून दाखवला अन् रडाले लागली. ती लहान हाय, लग्नाले एक वर्ष झालं. "मावशी, मी लिहून देते ना की तुम्ही मुलं पोचवायला जाता," म्हणे. मी म्हणलं, तुह्या लिहिण्यानं काय होईन? एकीकडं दामिनी, एकीकडं रंगीत पुस्तक. पुस्तकालेच मानतीन.

त्याच पुस्तकात मागं एक यादीसारखं हाय, सरकारनं काय काय करावं त्याचं. दामिनीकडून तेही वाचून घेतलं. चांगल्या दहा गोष्टी हाय. अन् त्याइच्या मधात एक अशी की, मदतनीस पळून जाऊ नये म्हणून दुपारी तिचा केंद्रावर उभं राहून फोटो घ्या. म्हंजे काय होईन, सांगू? दुपारी मी फोटोसाठी केंद्रात उभी, अन् पोट्टे एकटे नाल्यातून घरी. त्याइच्या माया वावरात. तुह्या पुस्तकाचं नाव काय हाय? बालकाच्या पहिल्या शिक्षिका, असंच काही तरी. पहिली शिक्षिका फोटो काढून राहिली अन् बालक पाण्यात. आता नाल्याले गुडघाभर हाय, पावसाळ्यात पाहायले ये.

मी तुह्या कामाले नावं ठेवत नाही. आमच्यावर कोणी पुस्तक लिहीन असं आमाले वाटलं नव्हतं. रुख्मिणीनं तं ते ट्रेनिंगवालं पान दामिनीच्या फोनवरून आपल्या सुनेले पाठवलं, की पाय, तू मले खिचडीवाली म्हणते, अन् पुण्याले मले काय म्हणते. म्हणूनच सांगून राहिली. जे चांगलं लिहिलं त्याच्यापायी ते एक वाक्यही खरं होऊन बसन.

अजून एक. मॅडमनं त्या मीटिंगमधीच सांगतलं की शनिवारी, २२ तारखेले अमरावतीले मोठी सभा हाय, तिथं हे पुस्तक तू स्वतः उभी राहून सांगणार. निवडक सेविका अन् मदतनीसाइले नेणार होते. त्याच्यात माहं नाव होतं. आता खोडलं.

तू अमरावतीले येऊन राहिली हे मले मॅडमच्या तोंडून समजलं.

मी तोंड असं केलं की जसं मले पहिलेच माहीत होतं.

दिवाळीत तू आली नाही. मी करंज्या केल्या होत्या, खोबऱ्याच्या, तुले तशाच लागते. भाऊबीज झाली तरी ठेवल्या, मंग पोट्ट्याइले वाटल्या. शेजारची माणिकबाई विचारे, "वर्षाली नाही आली?" मी म्हणे, तिले सुट्टी नाही. मंग विचारे, "पुढच्या वर्षी येईन?" म्हणलं, माणिकबाई, तुमी तुमच्या पोराचं पाहा. तो अकोल्याहून येत नाही, माही तं पुण्याले हाय. मंग आमी दोघीही आपापल्या घरी गेलो.

तुहे काका गेल्यापासून घरात बोलणारं माणूस म्हंजे मीच. भाकर टाकताना मीच म्हणते, दोनच कर, अन् मीच म्हणते, तिसरी सकाळी होईन. हसू नको. पण सकाळी केंद्रावर गेली की मंग मले तोंड बंद ठेवाले जमत नाही. तिथं एकाची चड्डी सुटते, एकीले शी लागते, एक म्हणते, मले माह्या मायपाशी जायचं हाय, एक नवीन पोट्टी मले आजी म्हणते. दुपारी एकेकाले त्याच्या त्याच्या दारात सोडते. शेवटचं घर विटाभट्टीजवळचं. तिथून परत येते तवा हातात निस्ती दोरी असते. पारावर बसलेले म्हातारे रोज विचारते, "काय व कौशल्या, बकरी सुटली का?" मी म्हणते, "हो, तुमाले शोधत फिरून राहिली." हासते ते. मीही हासते. मंग घर येते.

म्हणून सांगते, नौकरी गेली तं पोटाले कमी पडणार नाही मले, एकटीले लागते किती? पण दिवसभर मी कोणाशी बोलू? भिताडाशी?

हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं. खोडत नाही, कागद घाण होते.

आता जे पहिलेपासून लिहायचं होतं ते लिहिते.

मीटिंगमधी मी हो म्हणलं, त्याच्या नंतर मागून कोणीतरी हळूच बोललं. कोण बोललं ते मले माहीत हाय, पण नाव लिहीत नाही, तिचेही पोट्टे मी वागवले हाय. ती म्हणे, "स्वतःचं असतं तं असं सोडलं असतं का?" माह्या पोटी काही झालं नाही हे साऱ्या तालुक्याले माहीत हाय. ते मले आता लागत नाही. पण त्या दिवशी माह्या तोंडावर आलं होतं, हाय ना माहं! ते काय, पुस्तकावर नाव हाय तिचं! अन् मी गिळून घेतलं. कारण मंग तिनं दुसरं विचारलं असतं. स्वतःची असून असं लिहिलं?

त्याचं उत्तर तुह्याजवळ हाय.

तुले अमरावतीच्या होस्टेलवर सोडाले आली होती तो दिवस आठवते का? पेटी खोलीत ठेवली, गादी घातली, लोणच्याची बरणी खिडकीत ठेवली. मी फाटकापाशी आली तं तू मागून पळत आली अन् म्हणली, "मावशी, मले सोडून राहिली का व?" मी म्हणलं, "हो मंग, सोडून राहिली, गाडीची वेळ झाली." मले वाटलं, पोरगी विचारून राहिली की आताच निघाली का. म्हणून मी सरळ सांगतलं. गाडीत बसली, बडनेरा गेलं, तरी माह्या ध्यानात काही आलं नाही.

आता तुहं पुस्तक आयकल्यापासून तेच डोक्यात फिरून राहिलं. तू तवा आपल्या बोलीत विचारलं होतं, का पुस्तकाच्या? पोचवाले आली का असं विचारलं, का टाकून चालली का असं? तुही माय, माही बहीण चंदा, तू दोरी धराच्याही आधी गेली. तुह्या बाबानं धामणगावले दुसरा संसार मांडला अन् तुले माह्याकडं आणून दिलं. अन् मंग मी तुले होस्टेलवर. तुह्या हिशोबात साऱ्याइनं तुले सोडलंच असन. मी तं पोचवलं होतं. नाल्याच्या या बाजूनं त्या बाजूले जशी रोज पोचवते तशी. पोरगी शिकावी म्हणून. अजून कोणी पोरगी असती तं तिलेही तसंच पोचवलं असतं, त्याच्यात मले काही चुकलं असं वाटत नाही. पण तुले काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही, अन् तू कधी सांगतलं नाही. मंग तू फोन कमी केले. मी म्हणलं, कामात असन. मले विचारायची सवय नाही, मले सांगाची सवय हाय.

म्हणून आता विचारून राहिली. त्या पोरीनं लिहून आणलं की मावशी मुलांना सोडून राहते, अन् तू ते वाचून पुढं जाऊ दिलं, ते कशापायी? तुले बोली आठवली नाही म्हणून? का तुले ते वाचून खरंच वाटलं म्हणून, की हो, मावशी अशीच हाय, ती सोडते?

दोनपैकी एक हाय. तिसरं काही असन तं ते सांग, पण तुमच्या पुस्तकाच्या भाषेत नको.

बोली आठवली नाही असं असन तं मले एक कागद दे. त्याच्यावर लिही की वऱ्हाडात सोडून राहिली म्हंजे पोचवून देऊन राहिली, अन् पिंपळझिऱ्याची मदतनीस रोज दुपारी लेकराइले घरोघर पोचवते, अन् ते केंद्राचंच काम हाय. खाली सही कर. पोस्टाले वेळ पुरणार नाही, दामिनीच्या फोनवर कागदाचा फोटो टाक, ती छापून आणून देईन. अन् शनिवारी अमरावतीले उभी राहशीन तवा ते फोटोवालं कलम काढून टाक. तेवढं झालं की तू सुटली. मी काही बोलणार नाही.

पण तुले तसंच वाटत असन तं कागद देऊ नको. त्या कागदाचं मी काय करीन? खुलाशात लिहून देईन, हो, सोडते, काढा मले. त्या वेळेस तू फक्त एवढं कर, पुण्याची गाडी मूर्तिजापूरले थांबते, तिथं उतर. अमरावतीचे लोकं थोडे थांबतीन, त्याइले तुहं भाषण एक तास उशिरा आयकलं तं काही होत नाही. स्टेशनावर भांडू आपण. मले घरात भांडाले कोणी नाही, स्टेशनावर चालते.

गुरुवारी, २० तारखेले संध्याकाळपर्यंत मले समजलं पाहिजे, कागद का गाडी. शुक्रवारी मले खुलासा द्यायचा हाय. अन् फोन केला तं मीटिंगमध्ये आहे म्हणू नको, गुरुवारच्या दिवशी तरी.

आशीर्वाद हाय. तो काही राग उतराची वाट पाहात नव्हता, उगीच वर लिहिला नाही.

मी वाट पाहून राहिली. पुण्याच्या बोलीत याचा अर्थ काय होते ते मले माहीत नाही. आपल्या बोलीत काय होते ते तुले माहीत हाय.

तुही,
मदतनीस नाही,
कौशल्यामावशी